पडद्यावर न आलेली वाट

शहागडला हायवेच्या कडेला साजियाचं दुकान आहे. ट्रकच्या सीटा, ताडपत्र्या, क्लीनरच्या गाद्या, काय म्हणाल ते ती शिवून देते. सीट फाटेल पण तिचा टाका उसवणार नाही, असं लांबलांबचे ड्रायव्हर सांगतात. तिच्या शेजारी माझं औषधाचं दुकान आहे. त्यामुळे तिची मशीन आणि तिचा आवाज, दोन्ही मला दिवसभर फुकटात ऐकू येतात. तिला मात्र दोन्हीतलं काहीच ऐकू येत नाही.

दहावीच्या वर्षी तिला मेंदूज्वर झाला. ताप उतरला तो कान घेऊनच. बोलता येत होतं ते राहिलं, मराठी शाळेत शिकलेलं वाचन राहिलं. स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे ती मला “चहा घेता का भाऊ?” असं विचारते तेव्हा पलीकडच्या पंक्चरवाल्याकडचं गिऱ्हाईकसुद्धा हो म्हणतं. नवरा अलीम ट्रकवर असतो. महिन्यातले बहुतेक दिवस तो इंदूरच्या नाहीतर हैदराबादच्या रस्त्यावर. घरात साजिया आणि तिची तीन वर्षांची अल्फिया. घर आमच्या दुकानांच्या मागे, उतारावर, गोदावरीच्या अंगाला. त्या भागाला आम्ही खालची वस्ती म्हणतो.

साजिया भित्री आहे. हे मी चेष्टेने सांगत नाही. चेष्टा गावाने भरपूर केली आहे, त्यात माझी भर नको.

तिची भीती मागच्या वर्षीच्या पाण्यापासूनची. भाद्रपदात वरच्या धरणातून पाणी सोडलं. भोंगा लावलेली जीप वस्तीतून फिरली, लोक हातात येईल ते घेऊन निघाले. शेजारची उषाबाई, जी एरवी साजियाला सगळं हातवाऱ्यांनी सांगते, ती नेमकी शेतात होती. साजिया घरात मशीनवर बसलेली, तोंड भिंतीकडे, पाठ दाराकडे. पायंडलवरचा पाय ओला लागला तेव्हा तिला वाटलं, अल्फियाने तांब्या सांडला. तिने वळून पाहिलं तर उंबऱ्यावरून पाणी आत येत होतं आणि त्यावर कुणाची तरी चप्पल तरंगत होती. पोरीला उचलून ती बाहेर आली. गल्लीत एकही माणूस नव्हता. समोरच्या घरात गॅसवर दूध उतू जाऊन करपलं होतं, दारं सताड उघडी होती, एका खांबाला बांधलेली शेळी मान वर करून तिच्याकडे बघत होती.

“पान्याची भीती न्हाई वाटली भाऊ,” ती मला नंतर म्हणाली, म्हणजे अर्ध्या बाजारालाच म्हणाली. “रिकाम्या गल्लीची वाटली. सगळे गेल्ते. मलाच कुनी सांगितलं न्हाई.”

छातीइतक्या पाण्यातून ती पोरीला खांद्यावर घेऊन वर आली. वाचली. पण त्या दिवसानंतर तिने मशीन दुकानात आणली आणि दाराकडे तोंड करून मांडली. उजेड चुकीच्या बाजूने पडायचा, डोळे दुखायचे, तरी हलवली नाही. ती माणसांच्या तोंडाकडे पाहीनाशी झाली, पायांकडे पाहू लागली. दोन माणसं एका दिशेने पळाली की हिने अल्फियाला उचललीच. एकदा गावातली पोरं डीजेच्या गाडीमागे धावली, तर ही अर्धी शिवलेली सीट खांद्यावर आणि लेकरू कडेवर घेऊन हायवेच्या दुभाजकावर जाऊन उभी राहिली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पण गावाला म्हणी पाठ असतात, माणसं पाठ नसतात. लोक पोट धरून हसले. ती दिसली की पळून दाखवायचं आणि ही उठून धावते का ते बघायचं, असा खेळच झाला.

त्यानंतर तिने मनाशी पक्कं केलं, की लोकांकडे बघून पळायचं नाही. जे लिहिलेलं असेल तेवढंच खरं मानायचं. लिहिलेलं आपली चेष्टा करत नाही.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर मंगल कार्यालयात पुराच्या तयारीची सभा ठरली. तालुक्याहून साहेब येणार होते. पत्रकात खाली एक ओळ होती, की ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी बोललेलं सगळं त्याच वेळी पडद्यावर लिहून दाखवलं जाईल. एका लहानशा संस्थेने ती सोय केली होती. साजिया पत्रक घेऊन माझ्याकडे आली.

“भाऊ, हे खरंच सगळं लिहतेत का?”

मी फोनवर लिहून दाखवलं, “मलाही माहीत नाही. जाऊन बघ.” मला त्या दिवशी माल आणायला जालन्याला जायचं होतं. पुढचं मी साजियाकडून, उषाबाईकडून आणि त्या लिहिणाऱ्या मुलीकडून ऐकलं आहे, आणि तिघींच्या सांगण्यात फरक नाही.

लिहिणारी मुलगी बदनापूरची, अक्षता तिचं नाव. टायपिंगच्या सगळ्या परीक्षा पास, आणि माणूस बोलतो त्या वेगाने मराठी लिहिणारी. स्टेजच्या कडेला टेबल, टेबलावर लॅपटॉप, आणि कानात माईकच्या मशीनमधून ओढलेली वायर. माईकमध्ये जे बोललं जाईल तेवढं थेट तिच्या कानात. मुलगी कामाला चोख. पण तिला एक धास्ती होती. आधीच्या एका कार्यक्रमात एका पुढाऱ्याच्या नावाआधीचं ‘माननीय’ राहिलं आणि पद चुकलं. आयोजकाने सगळ्यांदेखत तिला असं फैलावर घेतलं की ती घरी जाईपर्यंत बसमध्ये रडत होती. तेव्हापासून कुणाचंही नाव आलं की तिची बोटं आपोआप सावध व्हायची. बाकी एखादा शब्द सुटला तर चालेल, मानपान सुटता कामा नये.

आपल्याकडच्या सभा कशा असतात ते तुम्हाला सांगायला नको. पाणी येईल तेव्हा येईल, आधी नारळ फुटला पाहिजे. प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, स्वागत, आभार, मग पुन्हा ज्यांचं राहिलं त्यांचं स्वागत. ते सगळं अक्षताने लिहिलं आणि ते सगळं साजियाने वाचलं. आम्ही ज्याला कंटाळतो ते वाचताना तिला हरखून गेल्यासारखं झालं. वीस-बावीस वर्षांत पहिल्यांदा तिला कळत होतं की स्टेजवरचा माणूस तोंड हलवतो तेव्हा त्यातून काय बाहेर पडतं.

मग साहेब बोलायला उठले, आणि साजियाही उठली. कुणी विचारलं नव्हतं.

“साहेब, मला भोंगा ऐकू येत न्हाई,” ती म्हणाली. अख्खं मंगल कार्यालय दचकलं. “मागच्या साली मी एकलीच राह्यले. मला कसं कळंल?”

साहेब भले माणूस. त्यांनी थांबून उत्तर दिलं आणि ते अक्षर-अक्षर करून पडद्यावर उमटलं, की तुमच्या फोनवर संदेश येईल, शिवाय शेजारच्या कुणीतरी तुम्हाला लाल कापड दाखवायचं, कोण तयार आहे? उषाबाईचा हात वर गेला. साजिया खाली बसली आणि ओढणीत तोंड घालून रडली. प्रश्न तिने विचारला, उत्तर तिला मिळालं, मध्ये कुणी नाही. असं तिच्या आयुष्यात झालं नव्हतं.

नंतर पडद्यावर आलं, “खालच्या वस्तीने भोंगा वाजताच मोरीच्या रस्त्याने शाळेत जावे.” साजियाने त्या ओळीचा फोनवर फोटो काढला. दोनदा काढला, एक हलला असेल तर असावा म्हणून. मोरी म्हणजे ओढ्यावरचा ठेंगणा पूल, तो ओलांडला की शाळा.

साहेबांनी विचारलं, “कुणाला काही सांगायचंय का?” मागच्या रांगेतून रखमाजी उठला. त्याचं भाजीचं रान ओढ्याला लागून आहे. रखमाजीला काही सांगायचं तर तो आधी बैलापासून सुरुवात करतो.

“साहेब, माझा एक बैल होता ढवळा. त्यो एकदा मोरीवर अडला तं अडलाच...” लोक हसले. पण मग तो मुद्द्यावर आला. मागच्या पुराने मोरीची एक बाजू खचली आहे. नदी फुगली की पाणी ओढ्यात उलटं शिरतं. वस्तीत पाणी यायच्या आधी मोरी बुडते. “तिकून लेकरंबाळं नेऊ नका साहेब. वीटभट्टीच्या मागून गाडीवाट हाये, तिकून नीट हायवेला निघता येतं.”

मागे माईक नव्हता. साहेबांना नीट ऐकू येईना म्हणून ते स्टेजवरून उतरून त्याच्या रांगेपर्यंत चालत गेले. रखमाजीचं ऐकलं, आजूबाजूच्या चौघांना विचारलं, आणि तिथेच उभं राहून मोठ्याने सगळ्यांना सांगितलं, “मग शाळेचा रस्ता रद्द. खालच्या वस्तीने वीटभट्टीच्या वाटेने हायवेला यायचं. कळलं ना सगळ्यांना?” सगळे म्हणाले, कळलं.

साहेब खाली उतरले आणि माईक मोकळा झाला. नेमके त्याच वेळी एक पुढारी उशिरा येऊन दारात उभे राहिले. सूत्रसंचालकाने धावत जाऊन माईक धरला. अक्षताच्या कानात आता एकच आवाज होता, त्याचा. मागे काहीतरी चाललंय एवढं तिला कळत होतं, पण समोर नाव येत होतं, नावाआधी विशेषणं येत होती, आणि तिची नजर पत्रिकेवर गेली, पद तरी बरोबर लिहावं म्हणून. पडद्यावर उमटलं, “आपल्या सर्वांचे लाडके, परिसराचे भाग्यविधाते, माननीय अध्यक्षसाहेब यांचे आगमन झाले आहे. टाळ्यांच्या गजरात त्यांचे स्वागत करूया.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. साजियाने वाचलं आणि तिनेही वाजवल्या.

तिच्या लेकराच्या जिवाची वाट ज्या क्षणी बदलली, त्या क्षणी ती कुण्या माननीयासाठी टाळ्या वाजवत होती. हे आठवलं की आजही माझ्या डोक्याची शीर उठते.

साहेब परत माईकवर आले आणि म्हणाले, “तर आता ठरल्याप्रमाणे सगळ्यांनी करायचं.” हे मात्र अक्षताने जसंच्या तसं लिहिलं. साजियाने मान हलवली. तिच्या फोनमध्ये ठरलेलं होतंच की.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी झाली, म्हणजे झाली नाही. एरवी गावात सभा झाली की उषाबाई संध्याकाळी साजियाच्या ओट्यावर बसते आणि हाताने, तोंडाने, डोळ्यांनी तिला सगळी सभा करून दाखवते. कोण काय बोललं, कोण कुणावर चिडलं, सरपंच कसे खाकरतात, सगळं. त्यात खाणाखुणा कमी आणि नाटक जास्त, पण साजियाला गावातली बितंबातमी त्यातूनच कळते. त्या संध्याकाळी उषाबाईने फक्त खुणेने विचारलं, वाचलंस ना? साजियाने अंगठा वर केला.

“मंग म्या कामून सांगू?” उषाबाई मला नंतर म्हणाली, आणि तिचे डोळे भरले होते. “आपल्यापक्षा जास्त तिलाच समजलं असंल, असं वाटलं मला. तिच्या म्होरं लिहून येऊन राह्यलं होतं नं सगळं.”

पुढचे दोन महिने साजिया जरा माणसात आली. फोटो अलीमला पाठवला. त्याने ट्रक थांबवून कुठूनतरी लिहिलं, “अब टेंशन नको ले. बराबर लिखेला है.” अल्फियाला घेऊन ती मोरीपर्यंत चालत जायची, सवय व्हावी म्हणून. ताडपत्रीचा एक लांब पट्टा तिने शिवला, लेकराला पोटाशी बांधायला. पोरं पळाली तरी आता ती उठायची नाही. माझ्याकडे बघून हसायची आणि मशीन चालू ठेवायची.

पाणी आलं ते भर उन्हात. आमच्याकडे पावसाचा थेंब नव्हता, पाऊस वर धरणाकडे कुठेतरी पडला होता. सकाळची दुकानं उघडत होती. साजिया अजून घरीच होती. तिच्या फोनवर पाणी सोडल्याचा संदेश आला, आणि पाठोपाठ उषाबाई लाल कापड हलवत दारात. ठरलं होतं तसं. साजियाला भीती वाटली, पण या वेळी भीतीला काहीतरी काम होतं. तिने अल्फियाला पट्ट्याने पोटाशी बांधलं, फोन हातात घेतला आणि उषाबाईला खूण केली, निघते. उषाबाई आपल्या म्हाताऱ्या सासूला उठवायला वळली.

गल्लीच्या तोंडाशी येऊन साजिया थबकली. लोक उजवीकडे, वीटभट्टीच्या बाजूला चालले होते. एक नाही, दोन नाही, सगळेच. डावीकडे शाळेचा रस्ता. तिकडे कुणी नाही.

ती सांगते, तिथे उभी राहून ती त्यांचे पाय बघत होती. लोक तिकडे का चाललेत? जनावरं आणायला? भट्टीवर कुणाचं काही अडकलंय? विचारावं तर कुणाचं तोंड आपल्याकडे नाही, सगळ्यांच्या पाठीच दिसतायत. त्यांच्या मागे जावं तर मागच्या वेळचं हसणं आठवलं. तिने फोटो उघडला. “मोरीच्या रस्त्याने शाळेत जावे.” साहेबांचं वाक्य, पडद्यावरचं, लिहिलेलं. ती डावीकडे वळली.

दोन्ही बाजूंना उघडी दारं आणि मध्ये ती एकटी. मागच्या वर्षीची तीच रिकामी गल्ली. ती फोन समोर धरून चालत राहिली, दिवा धरावा तशी.

मोरीवर घोट्याएवढं पाणी होतं. पलीकडे शाळेची पिवळी भिंत दिसत होती, इतकी जवळ. पण व्हरांड्यात कुणीच नव्हतं. आणि पाण्यावरचा कचरा नदीकडे जायचं सोडून नदीकडून गावाकडे येत होता. हे बघून तिला कळलं की काहीतरी फार चुकलंय. काय चुकलंय ते कळेना. शाळा जवळ होती, घर मागे होतं, तिने पुढे पाऊल टाकलं. चार पावलांनी खचलेली बाजू लागली आणि ती कमरेपर्यंत खाली गेली. फोन हातातून सुटला. मोरीच्या कडेला एक लोखंडी खांब होता, तो हाताला लागला म्हणून राहिली. अल्फियाचं रडणं तिला ऐकू येत नव्हतं, छातीला लागत होतं. लेकराचं अख्खं अंग तिच्या बरगड्यांवर थरथरत होतं.

मागे उषाबाई ओरडत होती. सासूला रखमाजीच्या बैलगाडीत बसवताना तिने मान वळवून पाहिलं तर साजिया दिसेना. ती उलटी धावली. रखमाजी आणि आणखी दोघं गाडी सोडून तिच्या मागे. “साजेऽ! मागं फिर गंऽ!” तो आवाज हायवेवर माझ्या दुकानापर्यंत आला. आम्हा सगळ्यांना ऐकू आला. जिला ऐकू यायला हवा होता तिची पाठ होती.

उषाबाईने खालची ढेकळं उचलली आणि पाण्यात भिरकावली. पहिलं मागेच पडलं. दुसरं साजियाच्या बाजूला पडलं आणि तिच्या तोंडावर पाणी उडालं. तिने वळून पाहिलं. काठावर उषाबाई, एका हातात लाल कापड, दुसरा हात जोरजोरात आडवा हलतोय. नाही. नाही. नाही. मध्ये पाणी केव्हाच वाढलं होतं.

साजियाने एका हाताने खांब धरला आणि दुसऱ्या हाताने पट्ट्याचं लोंबतं टोक काठाकडे फेकलं. तिसऱ्यांदा ते रखमाजीच्या काठीला अडकलं. चौघांनी ओढलं. पट्टा तिच्या कमरेत असा रुतला की महिनाभर वळ होता. पण टाका उसवला नाही.

हायवेवर आणून बसवलं तेव्हा ती अल्फियाला कुणाच्या हाती देत नव्हती. मी टॉवेल घेऊन गेलो. उषाबाई तिच्यापुढे बसून हाताने विचारत होती, तिकडे का गेलीस? तिकडे का गेलीस?

“पडद्यावर शाळाच लिवल्ती!” साजिया ओरडली. या वेळी ती खरोखरच ओरडली होती. “मी फोटू काढल्ता! शाळाच लिवल्ती!”

रखमाजी काठी टेकून उभा होता. तो हळूच म्हणाला, “माय, मी तं सगळ्याइच्या समोर सांगितलं की...” आणि बोलता बोलता थांबला. तिथे जमलेल्या प्रत्येकाला तेव्हा एकदमच कळलं.

पाणी दोन दिवसांत ओसरलं. साजियाची भीती मात्र आता दुप्पट झाली. आधी ती माणसांना भ्यायची आणि लिहिलेल्यावर विसंबायची. आता लिहिलेल्यालाही भ्यायला लागली. अल्फियाच्या तापाचं औषध दिलं तर बाटलीवरची चिठ्ठी माझ्यासमोर धरून विचारायची, “भाऊ, हे बराबर लिवलंय का? मागून कुनी बदललं तं न्हाई नं?” मी मान हलवायचो. ती माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहायची. माणसाचा आधार काढून घेतला आणि दुसरा दिला, आणि तो दुसराही पोकळ निघाला, तर माणसाने उभं कशावर राहायचं?

अलीमने संस्थेला फोन केला होता. एके दिवशी दुपारी अक्षता स्वतः बसने आली. दुकानासमोर उभी राहून ओढणीचं टोक पिळत होती. तिच्या लॅपटॉपमध्ये त्या सभेतलं सगळं लिहिलेलं होतं. तिने ते उघडून साजियापुढे ठेवलं. शाळेचा रस्ता, मग माननीय अध्यक्षसाहेबांचं आगमन, मग ठरल्याप्रमाणे. मध्ये काही नाही.

अक्षताने लिहिलं, “माझ्या कानात फक्त माईक होता ताई. मागचं मी सोडलं. मला त्यांच्या पदाची भीती वाटत होती.”

साजियाने ते वाचलं. मला वाटलं आता ही फाडून खाणार. खायलाच हवी होती, असंही वाटलं. पण साजिया तिच्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मला बी भीती वाटती. पन तुमी लिवलं न्हाई तं मला भीती कशाची धरावी ते बी कळत न्हाई.”

अक्षता रडली. साजियाने तिला पाणी दिलं आणि एकच विचारलं, “पुन्हा येनार का?” त्या पोरीला येण्याची किती भीती होती ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिने मान हलवली, येईन.

दिवाळीनंतर पुन्हा सभा झाली, त्याच मंगल कार्यालयात. या वेळी मी दुकान बंद करून गेलो. अक्षताचं टेबल स्टेजच्या कडेला नव्हतं, खाली मधोमध होतं, तोंड लोकांकडे. एका कानात वायर, दुसरा मोकळा. साहेबांनी सांगितलं होतं की मागच्यांनी बोलायचं तर माईक हातात घेऊन बोलायचं. साजिया पुढच्या रांगेत होती. तिने अल्फियाचं मनगट असं घट्ट धरलं होतं की पोरगी सारखी हात सोडवत होती.

रखमाजी उठला. माईक त्याच्या हातात दिला तर त्याने तो बैलाच्या वेसणीसारखा धरला आणि ढवळ्यापासून सुरुवात केली. पडद्यावर ढवळा आला, त्याचं अडणं आलं, लोकांचं हसणं कंसात आलं. साजिया वाचत होती आणि वळून रखमाजीचे ओठ बघत होती, पुन्हा पडद्याकडे, पुन्हा ओठांकडे. तिचा विश्वास नव्हता.

तो मोरीवर आला तोच दाराशी गडबड झाली. तेच पुढारी, त्याच वेळेला. सूत्रसंचालकाने दुसरा माईक उचलला आणि त्याची विशेषणं सुरू झाली. लोकांच्या माना वळल्या, टाळ्या सुरू झाल्या. अक्षताची बोटं थांबलेली मी पाहिली. पुढारी हार घालून घेत पडद्याकडे बघत होते. आयोजक तिच्याकडे बघत होता. साजिया पडद्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

मग अक्षताने मान खाली घातली आणि लिहिलं. पडद्यावर उमटलं, “टाळ्या वाजत आहेत. कुणी पाहुणे आले आहेत. रखमाजी अजून बोलत आहेत.”

आणि त्याखाली, “ते म्हणतात, मोरी अजून दुरुस्त झालेली नाही. तिकडून लेकरंबाळं नेऊ नका.”

साजियाने टाळी वाजवली नाही. तिचा एक हात मोकळा नव्हता.